जे पुन्हा मिळणार नाही, ते आधी

आत्याच्या आवाजातले सहा तास माझ्याकडे होते. दोन उन्हाळ्यांत, दुपारची जेवणं आटोपल्यावर तिच्याजवळ फोन ठेवून मी ते रेकॉर्ड केले होते. तिच्या लहानपणीचा आमचा वाडा, जात्यावरच्या ओव्या, कोणाचं लग्न कोणत्या साली झालं आणि कशावरून मोडता मोडता राहिलं, असं सगळं त्यात होतं. फोनमधली जागा संपत आली म्हणून ते एका बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवले. 'हलवले' हा शब्द मुद्दाम लिहितो आहे, कारण मी प्रत केली नव्हती. पुढे वर्षभरात ती डिस्क टेबलावरून खाली पडली. पुन्हा जोडली तर आतून नुसता टक् टक् आवाज. डेटा परत काढून देणाऱ्या दुकानातून आठवड्याने तीन फाइली हाती आल्या, त्यातली एकच शेवटपर्यंत वाजते. आत्या तोवर गेली होती.

त्या सहा तासांनी जागा किती घेतली असती? आवाजाचं साधं रेकॉर्डिंग तासाला फार तर ६० एमबी होतं, म्हणजे सगळं मिळून ३६० एमबी. गूगलच्या खात्याबरोबर फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत ते चाळीस वेळा बसलं असतं. त्याच डिस्कवर दोनेकशे जीबी सिनेमे होते. त्यांतला एकही मला आज आठवत नाही.

म्हणून 'घरच्या फाइलींसाठी स्वस्त आणि सुरक्षित ऑनलाइन बॅकअप कुठला घेऊ' असं कोणी विचारलं की मी सॉफ्टवेअरचं नाव आधी सांगत नाही. तुमच्याजवळ असं काय आहे जे गेलं तर पुन्हा मिळणार नाही, हे आधी विचारतो. बॅकअप महाग पडतो तो बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर न शोधल्यामुळे.

एखादा रविवार यासाठी काढा. संगणक, जुना लॅपटॉप, घरातले सगळे फोन, टेबलाच्या खणातले पेनड्राइव्ह समोर घ्या आणि तांदूळ निवडतात तसं निवडत जा. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअरच्या फाइली बाजूला ठेवा, ती पुन्हा उतरवून घेता येतात. आधार, पॅन, वाहन परवाना, अलीकडच्या गुणपत्रिका यांतलं पुष्कळसं डिजिलॉकरमधून परत मिळतं. २०१५ साली सुरू झालेल्या या सरकारी सेवेत ज्या त्या खात्याने थेट दिलेली कागदपत्रं कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात. मात्र तुम्ही स्वतः स्कॅन करून तिथे चढवलेल्या कागदाला तो दर्जा नसतो, हे लक्षात असू द्या. मग उरतं ते खरं: मुलांचे फोटो, आईवडिलांचे आवाज, आजोबांच्या वहीची पानं, जुन्या खरेदीखताचं स्कॅन, तुमचं स्वतःचं लिखाण, हिशेबाची एक्सेल, आजारपणाचे रिपोर्ट.

हा ढीग वाटतो त्याहून लहान निघतो. फोनवरचा एक फोटो साधारण तीन ते पाच एमबीचा असतो, म्हणजे दहा हजार फोटो ४० जीबीच्या आसपास. जागा खातात ते व्हिडिओ. फोर-के दर्जाचं एक मिनिट पावणेदोनशे ते चारशे एमबी घेऊ शकतं. वाढदिवसाचे चाळीस मिनिटांचे व्हिडिओ ठेवायचे की त्यातली चार मिनिटं, हे तुम्ही ठरवा. पण ठरवा मात्र. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत निवडीनंतरचा आकडा १०० जीबीच्या अलीकडे थांबतो, आणि तिथेच खर्चाचा प्रश्न निम्मा सुटतो.

आता ज्या गैरसमजामुळे सर्वांत जास्त फाइली जातात, त्याकडे येतो. 'माझं सगळं ड्राइव्हवर आहे' किंवा 'फोटो आपोआप गूगलवर जातात' असं लोक निश्चिंत मनाने सांगतात. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड, ड्रॉपबॉक्स यांचं मूळ काम सिंक करण्याचं, म्हणजे सगळ्या यंत्रांवर एकच चित्र ठेवण्याचं आहे. लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये फाइल बदलली की ती सगळीकडे बदलते आणि पुसली की सगळीकडे पुसली जाते. आरसा समोर आहे तेवढंच दाखवतो, कालचं दाखवत नाही. बॅकअपने नेमकं कालचं दाखवायला हवं.

याचा त्रास कसा होतो ते बघा. फोनमधली जागा मोकळी करायची म्हणून कोणीतरी गूगल फोटोज उघडून चारशे फोटो निवडतं आणि पुसतं, ऑनलाइन प्रत राहीलच या समजुतीने. ती राहत नाही. दोन्हीकडून फोटो जातात आणि ६० दिवस ट्रॅशमध्ये पडून राहून कायमचे नाहीसे होतात. फोनवरची प्रत काढून ऑनलाइनची राखायची असेल तर त्याच ॲपमध्ये जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय आहे, तो वापरावा. ड्राइव्हच्या ट्रॅशची मुदत ३० दिवसांची. तुम्ही चूक चाळीसाव्या दिवशी लक्षात घेतलीत, तर आरशात काहीच नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवत असेल. त्या जातीचा खंडणीखोर व्हायरस फाइली कुलूपबंद करतो आणि सिंक चालू असेल तर त्या बिघडलेल्या फाइली इमानेइतबारे वर चढतात. यातल्या बहुतेक सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस ठेवतात, त्यामुळे वेळेत जाग आली तर सुटका होते. म्हणून कोणतीही सेवा घेताना पुसलेली किंवा बदललेली फाइल ती किती दिवस मागे जाऊन देऊ शकते, हे पहिल्यांदा बघा. ३० दिवस मला कमी वाटतात. घरच्या फाइली आपण वर्षातून एकदा, लग्नाकार्याला नाहीतर कर भरताना उघडतो.

असं असलं तरी ज्यांच्याकडे आज काहीच नाही त्यांनी या सिंकच्या सेवांपासूनच सुरुवात करावी, कारण त्या फोनमध्ये आधीपासून आहेत. गूगलचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. १ जून २०२१ पासून फोटो लहान करून ठेवले तरी ते यात मोजले जातात. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी या हिशेबाबाहेर होता, तोही आता आत आला आहे. जागा भरली की नवे फोटो चढायचे थांबतात आणि ईमेल येणंही बंद पडू शकतं. बँकेचा, शाळेचा, पासपोर्टचा सगळा पत्रव्यवहार ज्या पत्त्यावर येतो तो असा बंद पडू देऊ नये. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट फुकटात फक्त पाच पाच जीबी देतात.

पैसे भरायचे झाले तर गूगलची १०० जीबीची योजना महिन्याला शंभर-दीडशे रुपयांच्या घरात आणि ॲपलची ५० जीबीची त्याहून कमीत मिळते. दर बदलत राहतात, तेव्हा भरण्याआधी बघून घ्या. माझ्या मते मध्यमवर्गीय घरासाठी सर्वांत किफायतशीर असते ती कुटुंबाची योजना. गूगल आणि ॲपलची विकत घेतलेली जागा आणखी पाच जणांत वाटून घेता येते. मायक्रोसॉफ्टच्या कौटुंबिक योजनेत सहा जणांना प्रत्येकी एक टीबी मिळते, शिवाय वर्ड आणि एक्सेल. एकाने पैसे भरले म्हणून त्याला इतरांच्या फाइली दिसत नाहीत, ही शंका घरोघरी निघते म्हणून सांगून ठेवतो. मुलगा पुण्यात, सून-नातवंडं बंगळुरात आणि आजीआजोबा साताऱ्याला, असं विखुरलेलं घर एका योजनेत बसतं.

ज्यांचं बरंचसं काम लॅपटॉपवर आहे, फोटोग्राफी किंवा लेखनावर पोट आहे, त्यांना मात्र खरीखुरी बॅकअप सेवा हवी. हे सॉफ्टवेअर एकदा बसवलं की मागच्या बाजूला गुपचूप चालतं, बदललेल्या फाइली शोधून वर पाठवतं आणि जुन्या आवृत्त्या जपतं. बॅकब्लेझ ही २००७ साली निघालेली अमेरिकी कंपनी एका संगणकाला वर्षाकाठी ठरावीक दर लावते आणि फाइली कितीही असोत, जागेचं बंधन घालत नाही. फोन त्यात येत नाहीत. आयड्राइव्हचं गणित उलटं आहे: जागा ठरलेली, पण एकाच खात्यात घरातले अनेक संगणक आणि फोन बसतात. एकाच यंत्रावर भरपूर माल असेल तर पहिली, थोडा थोडा माल बऱ्याच यंत्रांवर असेल तर दुसरी. बारीक अक्षरातली एक अट मात्र जरूर वाचा. अशा काही सेवांत बाहेरची हार्डडिस्क ठरावीक दिवसांत, पुष्कळदा ३० दिवसांत, पुन्हा जोडली नाही तर तिची ऑनलाइन प्रतही काढून टाकली जाते. त्यांच्या लेखी ती डिस्क तुम्हीच काढून टाकलेली असते. 'डिस्क कपाटात ठेवली, प्रत वर आहेच' असं समजणाऱ्याचा इथे घात होतो. संगणकात रस असलेल्यांनी रेस्टिक किंवा डुप्लिकाटी ही फुकट आणि मुक्त साधनं बघावीत. जागा हवी तिथे भाड्याने घ्यायची आणि कुलूप आपलं लावायचं, अशी ती व्यवस्था आहे. घरी कोणी तसं नसेल तर या वाटेला जाऊ नका.

'एकदाच पैसे भरा, जन्मभर वापरा' अशा जाहिरातींपासून मी दूर राहतो. साठवणीचा खर्च कंपनीला दर महिन्याला येतो, आणि घेणाऱ्याने एकदाच दिलेल्या पैशांत ती तो किती वर्षं सोसणार? सेवा बंदही पडतात. क्रॅशप्लॅन ही घरगुती बॅकअपसाठी नावाजलेली सेवा होती. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने घरगुती ग्राहकांची योजना थांबवत असल्याचं जाहीर केलं. मुदत दिली होती, पण लोकांना वर्षानुवर्षांचा माल दुसरीकडे न्यावा लागला.

परदेशी सेवेला डॉलरमध्ये पैसे भरणाऱ्यांसाठी एक इशारा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांचे नवे नियम लागू झाले आणि अनेक भारतीय कार्डांवरून परदेशी सेवांचं नूतनीकरण आपोआप होईनासं झालं. नियम ग्राहकाच्या भल्याचेच आहेत. पण बॅकअपच्या बाबतीत पैसे गेले नाहीत तर सेवा थांबते आणि काही दिवसांनी साठवलेलं पुसलं जातं. 'पेमेंट झालं नाही' हे पत्र जाहिरातींच्या ढिगात हरवतं. वर्षाचे पैसे एकदम भरा आणि पुढल्या वर्षीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दूधवाल्याचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर.

आता सुरक्षितता. प्रत्येक कंपनी 'तुमचा डेटा एन्क्रिप्ट केलेला आहे' असं म्हणते आणि ते खरंही असतं. प्रश्न किल्लीचा आहे. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक तुमची आणि एक बँकेची. पुष्कळशा ऑनलाइन सेवांत मात्र कुलूपही त्यांचं आणि किल्लीही त्यांचीच. त्याचा फायदा असा की पासवर्ड विसरलात तरी ते दार उघडून देतात. तोटा असा की त्यांना, किंवा त्यांच्याकडे घुसलेल्या कोणालाही, ते उघडता येतं. सहलीच्या फोटोंसाठी मला याचं काही वाटत नाही. आईचे वैद्यकीय रिपोर्ट, मृत्युपत्राचा मसुदा आणि घरच्या सगळ्या बँक खात्यांची यादी यांची किल्ली मात्र माझ्याच हाती हवी.

त्याचे मार्ग सोपे आहेत. क्रिप्टोमेटर हे मुक्त सॉफ्टवेअर संगणकावर फुकट मिळतं. ते तुमच्या ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या आतच एक तिजोरी तयार करतं. तिच्यात टाकलेली फाइल आधी तुमच्या यंत्रावर कुलूपबंद होते आणि मग वर जाते, त्यामुळे कंपनीला फक्त अर्थहीन नावांच्या फाइली दिसतात. बॅकब्लेझ आणि आयड्राइव्ह या दोन्हींत स्वतःची किल्ली ठेवण्याची सोय आहे. आयड्राइव्हमध्ये ती खातं उघडतानाच निवडावी लागते. ॲपलच्या फोनवर आयक्लाउडसाठी 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' चालू करता येतं. लंडन-मँचेस्टरकडच्या वाचकांना तो पर्याय दिसणार नाही, कारण ब्रिटनमध्ये ॲपलने तो फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेतला. आणि व्हॉट्सॲप: चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' हा पर्याय २०२१ पासून आहे. चालू करताना पासवर्ड किंवा ६४ अंकांची किल्ली निवडता येते.

यापुढचं वाक्य दोनदा वाचा. किल्ली तुमच्याकडे असेल आणि ती हरवली, तर कंपनी, पोलीस, ओळखीचा संगणकवाला, कोणीही फाइली परत मिळवून देऊ शकत नाही. म्हणून किल्ली कागदावर लिहायची. संगणकाच्या गोष्टीत कागद आणला की तरुण मंडळींना नवल वाटतं, पण कागदापर्यंत हॅकरचा हात पोचत नाही. दोन प्रती करा, एक घरी आणि एक बहिणीकडे किंवा मुलीकडे. त्याच कागदावर गूगल खात्याचे रिकव्हरी कोड लिहा. दुहेरी पडताळणी चालू केली की असे दहा कोड मिळतात. फोन चोरीला जातो, सिम बंद पडतं, परदेशात ओटीपी येत नाही, अशा वेळी तेच कोड दार उघडतात. दुहेरी पडताळणीशिवाय ऑनलाइन बॅकअप ठेवूच नये, कारण एका पासवर्डच्या मागे तुमचा सगळा संसार असतो.

पहिला बॅकअप धीराने घ्या. सेकंदाला १० मेगाबिट चढता वेग असेल तर १०० जीबी जायला बावीस तास लागतात, तेही अखंड. लॅपटॉप मिटला की काम थांबतं. तो चार्जरला लावून, झोपी जाण्याचा पर्याय बंद करून दोन-तीन रात्री तसाच ठेवा. मोबाइलच्या डेटावर हे करू नका. पुढे दररोजचं काम काही मिनिटांचं असतं.

सगळं ऑनलाइन गेलं म्हणून घरची डिस्क मोडीत काढायची नाही. क्लाउड म्हणजे शेवटी कुठेतरी उभी असलेली एक इमारतच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची मूळ प्रत आणि बॅकअप दोन्ही तिथेच होती, त्यांचं सगळं गेलं. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा-पंचगंगेने हेच केलं होतं. अशा घरात लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकाच रात्री जातात. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथे उपयोगी पडतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. लॅपटॉप, डिस्क आणि ऑनलाइन सेवा मिळून हा नियम पुरा होतो. डिस्क काम झालं की काढून ठेवा. सदैव जोडलेल्या डिस्कवरही व्हायरस पोचतो.

आणि मग परीक्षा घ्या. बॅकअप चालू आहे असं पडद्यावर हिरव्या खुणेने दिसतं, पण ती खूण फाइल वर पोचल्याची असते. ती उघडते की नाही हे उतरवून बघितल्याशिवाय कळत नाही. दर तीन महिन्यांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावरून तुमच्या खात्यात शिरा आणि तीन गोष्टी मागवा: पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो, एक मोठा व्हिडिओ आणि तिजोरीतला एक कागद. फोटोवरची तारीख बरोबर आहे का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, तिजोरी कागदावरच्या किल्लीने उघडते का, ते बघा. मी पहिल्यांदा ही परीक्षा घेतली तेव्हा मराठी नावाचा एक फोल्डर कुठेच दिसेना. बॅकअप सुरू झाल्यावर मी तयार केलेला तो फोल्डर यादीत घालायचाच राहिला होता. सहा महिने हिरवी खूण दिसत होती.

एक काम अजून उरतं, आणि ते लोक टाळतात. आपण गेल्यावर हे कोण उघडणार? गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं, की दोन वर्षं न वापरलेली व्यक्तिगत खाती पुसली जाऊ शकतात. वडिलांच्या खात्यात वीस वर्षांचे फोटो असतील आणि कोणी तिथे शिरलंच नाही, तर तेही जातील. गूगलच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं काही महिने निष्क्रिय राहिलं तर कोणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं, हे त्यात आधीच ठरवता येतं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे, तिथे नेमलेल्या माणसाकडे एक किल्ली देऊन ठेवायची असते. भरायला दहा मिनिटं लागतात. आईवडिलांचे फोन हाती घेऊन, त्यांना विचारून, त्यांच्याच समोर भरा.

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात सातबारा, रेशनकार्ड आणि विम्याच्या कागदांबरोबर एक खाकी पाकीट आहे. त्यात किल्लीचा कागद, दहा कोड आणि पहिली पायरी कुठली, दुसरी कुठली हे मराठीत लिहिलेली दोन पानं आहेत. गेल्या दिवाळीत मी घरी नसताना मुलीने ते पाकीट उघडलं, पानं वाचत वाचत खात्यात शिरली आणि आत्याची ती उरलेली एक फाइल उतरवून सगळ्यांना ऐकवली.